मुळांवरील गांठी व त्यांतील भागीदार

पाऊस उघडल्यावर एखाद्या सकाळीं सोयाबीनच्या किंवा भुईमुगाच्या शेतांत जावें, आणि पेरून पांच-सहा आठवडे झालेलें एक रोप खुरप्यानें भोंवतालच्या मातीसह अलगद उचलावें. उपटूं नये; उपटल्यास जें पाहावयाचें तेंच मातींत तुटून राहतें. मग तें रोप बादलीभर पाण्यांत बुडवून माती हळूहळू सुटूं द्यावी. मुळांवर मोहरीएवढ्या, कोठें कोठें ज्वारीच्या दाण्याएवढ्या गांठी दिसतील. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, हा कांहीं तरी रोग आहे. रोगाच्याहि गांठी असतात, हें खरें. मातींतील सूत्रकृमि मुळांत शिरले म्हणजे मूळच सुजतें, आणि ती सूज मुळापासून निराळी काढतां येत नाहीं. परंतु आपण ज्या गांठींविषयीं बोलत आहों त्या मुळाच्या बाजूस चिकटलेल्या असतात व बोटानें ढकलल्या असतां सुटून हातांत येतात. अशी एक गांठ नखानें फोडावी. आंत तांबूस-गुलाबी रंग दिसला, तर तें झाड त्या घटकेस हवेंतून आपलें खत मिळवीत आहे असें समजावें.

हें खत कोण तयार करितो, झाड त्याला काय देतें, आणि हवापाणी बदललें म्हणजे ह्या व्यवहाराचें काय होतें, हें ह्या पाठांत पाहावयाचें आहे. विषय मुळांचा असला तरी त्याचा संबंध शेतकऱ्याच्या कनवटीच्या पैशाशीं आहे. जें काम गांठी करितात त्याच कामासाठीं पुष्कळ जण युरियाचें पोतें विकत आणतात. आणि तें भलत्या वेळीं शेतांत फेंकलें म्हणजे गांठी आपलें काम सोडून देतात. असे पैसे दोनदां जातात.

आपल्या भोंवतालच्या हवेचे शंभर भाग केले तर सुमारें ७८ भाग नत्रवायूचे भरतात. पानांचा हिरवेपणा, दाण्यांतील प्रथिन, आपल्या अंगांतील मांस, ह्या सर्वांस नत्र लागतें. असें असून ज्वारीचें ताट ह्या हवेंत उभें राहून नत्रावांचून पिवळें पडतें. कारण नत्रवायूचे परमाणु दोन-दोन मिळून असतात व ते एकमेकांस इतके घट्ट धरून असतात कीं, त्यांस सोडविणें झाडाच्या हातचें नाहीं. खताच्या कारखान्यांत ही मिठी सोडविण्यास ४०० ते ५०० अंश उष्णता व हवेच्या नेहमींच्या दाबाच्या शंभर पटींहून अधिक दाब लागतो. तेंच काम हरभऱ्याच्या मुळावरील गांठ हिंवाळ्यांतील मातीच्या गारव्यांत करिते.

ह्या गोष्टीचें फळ शेतकऱ्यांस फार पूर्वींपासून ठाऊक होतें. हरभऱ्याची किंवा तुरीची बेवड पुढील पिकास चांगली, हें आपल्याकडील वृद्ध शेतकरी कोणत्याहि पुस्तकावांचून सांगत आले आहेत. कारण मात्र कोणास सांगतां येत नव्हतें, आणि तें शोधतांना मोठमोठे विद्वान चकले. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

फ्रान्समधील बूसँगो ह्या रसायनशास्त्रज्ञानें १८३८ च्या सुमारास तोलून-मापून दाखविलें कीं, वाटाणा व क्लोव्हर नांवाचा चारा हीं झाडें वाढतांना त्यांच्यांतील नत्र वाढतें, परंतु गहूं व ओट ह्यांच्यांत तसें होत नाहीं. हें नत्र येतें कोठून? इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेंत लॉज, गिल्बर्ट व प्यू ह्या तिघांनीं १८५७ व १८५८ सालीं हा प्रश्न अधिक काटेकोरपणें सोडविण्याचें मनावर घेतलें. त्यांनीं माती भाजून घेतली, रोपें कांचेच्या झांकणांखालीं ठेविलीं, आंत सोडावयाची हवादेखील धुऊन घेतली. एवढी दक्षता घेतल्यावर निष्कर्ष असा निघाला कीं, झाड कोणतेंहि असो, तें हवेंतील नत्र घेत नाहीं. मापें बरोबर होतीं, माणसें प्रामाणिक होतीं. परंतु मातीबरोबर मातींतील जंतुहि भाजले गेले होते, आणि त्या जंतूंचा ह्या प्रश्नाशीं कांहीं संबंध असेल हें त्या काळीं कोणाच्या ध्यानींमनींहि नव्हतें. पुढें पंचवीस-तीस वर्षें हा प्रश्न घोटाळ्यांत राहिला.

तो सुटला जर्मनींत, बेर्नबुर्ग येथें. हेर्मान हेल्रीगेल व त्यांचे सहकारी हेर्मान विल्फार्ट हे वाळूनें भरलेल्या कुंड्यांत झाडें वाढवून त्यांस मोजून खत देत असत. ओट व जव ह्यांचा हिशेब सरळ होता: जितकें नत्र घालावें तितकी वाढ, आणि न घातल्यास उपासमार. वाटाण्याचा हिशेब मात्र कांहीं केल्या जमेना. नत्र न दिलेल्या दोन कुंड्या शेजारीं शेजारीं असत. एकींतील रोप सुकून जाई आणि दुसरींतील तरारून वर येई. एखाद्यानें असले विचित्र आंकडे प्रयोगांतील चूक म्हणून बाजूस टाकिले असते. त्यांनीं तसें न करितां मुळें धुऊन पाहिलीं. जीं रोपें तरारलीं होतीं त्यांच्या मुळांवर गांठी होत्या; उपाशी रोपांच्या मुळांवर त्या नव्हत्या. मग त्यांनीं वाळू तापवून जंतुरहित केली. तेव्हां एकाहि रोपास गांठ आली नाहीं. तशाच वाळूंत शेतांतील माती कालवून निथळलेलें थोडेंसें पाणी घातलें, तर गांठी आल्या व वाटाणा वाढला. तेंच पाणी उकळून घातलें, तर कांहीं झालें नाहीं. म्हणजे झाडास साहाय्य करणारी वस्तु मातींत होती, ती सजीव होती, आणि उष्णतेनें मरत होती. हा शोध त्यांनीं १८८६ सालीं बर्लिन येथील विद्वानांच्या सभेपुढें मांडिला व १८८८ सालीं सविस्तर प्रसिद्ध केला. त्याच १८८८ सालीं हॉलंडमध्यें डेल्फ्ट येथील मार्टिनस बायरिंक ह्यांनीं गांठींतून ते जंतु निराळे काढून वाढवून दाखविले. त्यांस आज ऱ्हायझोबियम ह्या नांवानें ओळखतात. सोयाबीनच्या जंतूंचें कुळ थोडें निराळें असल्यानें त्यांस ब्रॅडीऱ्हायझोबियम म्हणतात.

गांवच्या शाळेंतील मास्तरांनीं किंवा एखाद्या उपदेशक-बंधूंनीं हा प्रयोग मुलांकडून अवश्य करवावा. त्यास पैसा लागत नाहीं. नदीची वाळू पुष्कळदां धुऊन मोठ्या भांड्यांत पाणी घालून चांगली उकळावी व दोन डब्यांत भरावी. डब्यांच्या बुडाशीं भोंकें पाडावीं. दोहोंतहि चिमूट-चिमूट लांकडाची राख घालावी. राखेंत झाडास लागणारे इतर क्षार असतात, नत्र नसतें. दोहोंत मूग पेरावे. एका डब्यांत मुगाच्या जुन्या शेतांतील मूठभर माती पाण्यांत कालवून तें पाणी घालावें, दुसऱ्यांत तेंच पाणी उकळून थंड करून घालावें. पुढें दोहोंस उकळून निवविलेलेंच पाणी द्यावें व डबे एकमेकांपासून दूर ठेवावे. पांच-सहा आठवड्यांनीं मुळें धुऊन मुलांसमोर ठेवावीं. पानांच्या रंगावरूनहि मुलें फरक ओळखतील.

आतां गांठ तयार कशी होते तें पाहूं. मुळाला भोंवतालच्या मातींत पुरेसें नत्र सांपडलें नाहीं म्हणजे तें एक प्रकारचा रस बाहेर सोडतें. मातींत जंतूंच्या असंख्य जाती राहतात. परंतु ह्या रसाचा अर्थ कांहीं ठराविक जंतूंसच कळतो. ते जंतु उलट एक पदार्थ तयार करून मुळाकडे पाठवितात. हा पदार्थ म्हणजे साखरेच्या कांहीं कणांची लहानशी सांखळी असून तिला चरबीचें शेंपूट जोडलेलें असतें. त्याची रचना प्रथम १९९० सालीं फ्रान्समधील तुलूझ येथील संशोधकांनीं उलगडली. प्रत्येक जातीच्या जंतूची सांखळी थोडी निराळी, आणि प्रत्येक जातीचें झाड आपल्या ओळखीच्या सांखळीसच ओ देतें. म्हणून हरभऱ्याचा जंतु सोयाबीनला उपयोगी पडत नाहीं व सोयाबीनचा हरभऱ्याला. तूर, मूग, चवळी, भुईमूग हीं पिकें मात्र इतकीं चोखंदळ नाहींत. त्यांस चालणारे जंतु आपल्याकडील जमिनींत पूर्वींपासून पुष्कळ आहेत.

ओळख पटली म्हणजे मुळावरील बारीक केंस धनगराच्या काठीच्या टोंकासारखा वांकतो व त्या वांकांत जंतूंस धरितो. मग झाड स्वतःच एक सूक्ष्म नळी आंतल्या बाजूस वाढवितें, आणि तिच्यांतून जंतु मुळाच्या गाभ्याकडे जातात. इकडे आंतील पेशी वाढूं लागून गांठीचा आकार तयार होत असतो. जंतु तेथें पोंचल्यावर झाड त्यांस एकेका पातळ पडद्यांत गुंडाळून पेशींच्या आंत ठेवितें. भुईमुगांत रीत निराळी आहे. तेथें उपमूळ फुटतांना जी भेग पडते तिच्यांतूनच जंतु आंत शिरतात, म्हणून भुईमुगाच्या गांठी उपमुळाच्या बगलेंत दिसतात.

गांठीच्या तांबड्या रंगाचें कारण मनोरंजक आहे. नत्र फोडण्याचें काम ज्या प्रथिनाकडून होतें तें प्राणवायु लागतांच बिघडतें. परंतु जंतूला श्वासोच्छ्वासासाठीं प्राणवायु हवाच. ही अडचण झाड असें सोडवितें कीं, गांठीच्या आवरणांतून थोडाच प्राणवायु आंत येऊं देतें, आणि जो येतो त्याला एक तांबडा पदार्थ धरून जंतूंपर्यंत थोडा थोडा नेऊन पोंचवितो. १९३९ सालीं जपानमधील कुबो ह्यांनीं दाखविलें कीं, हा पदार्थ आपल्या रक्तांतील तांबड्या द्रव्याच्याच जातीचा आहे. म्हणून गांठ आंतून गुलाबी असली तर काम चालू. पांढरी असली तर अद्याप कोंवळी किंवा निकामी. हिरवट-तपकिरी असली तर थकलेली.

ह्या सेवेचें मोल झाड साखरेनें देतें. पानांनीं उन्हांत तयार केलेल्या साखरेचा बराच मोठा वांटा गांठींकडे जातो. साखर नसेल तर जंतु काम करूं शकत नाहींत. आणि सर्व साखर गांठींनींच खाल्ली तर शेंगेंत भरावयास कांहीं उरत नाहीं. तेव्हां झाडाला सदैव हिशेब ठेवावा लागतो. हा हिशेब कसा ठेविला जातो तें अलीकडील चाळीस वर्षांत कळूं लागलें आहे, आणि मला तर ह्या सर्व विषयांत हाच भाग अधिक विलक्षण वाटतो.

पहिल्या गांठी होऊं लागल्या कीं, मुळाकडून एक निरोप देंठांतून वर पानांपर्यंत जातो, आणि पानांकडून उलट निरोप येतो कीं आतां पुरे. त्यामुळें पुढच्या मुळांवर नव्या गांठी धरत नाहींत. १९८५ सालीं ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथील संशोधकांनीं सोयाबीनचीं अशीं रोपें निवडून काढिलीं कीं ज्यांच्यांत हा निरोप पोंचत नव्हता. त्यांच्या मुळांवर नेहमींच्या कितीतरी पटींनीं गांठी आल्या. खरें पाहतां अशीं झाडें अधिक पुष्ट व्हावयास हवीं होतीं; परंतु तीं मुळांच्या वाढींत व उत्पन्नांत मागें पडलीं. गांठी अधिक म्हणजे पीक अधिक, असा सरळ हिशेब नाहीं.

जंतूंपैकीं कांहीं आळशीहि असतात. ते आंत शिरतात, साखर खातात, आणि नत्र देत नाहींत. २००३ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनीं सोयाबीनच्या कांहीं गांठींभोंवतीं अशी हवा ठेविली कीं तिच्यांत नत्रवायु जवळजवळ नव्हता. म्हणजे जंतूंची इच्छा असली तरी त्यांस नत्र देतां येऊं नये. थोड्याच दिवसांत असें आढळलें कीं, झाडानें त्या गांठींचा प्राणवायु कमी केला होता, आणि त्यांतील जंतूंची संख्या काम करणाऱ्या गांठींतील जंतूंच्या सुमारें निम्मीच राहिली. झाडाला डोळे नाहींत, बुद्धि नाहीं. तरी प्रत्येक गांठीकडून काय येतें ह्याचा हिशेब त्याच्यांत होत असतो.

हें ध्यानांत आलें म्हणजे युरियाची गोष्ट आपोआप समजते. मातींत विरघळलेलें नत्र मुळाला स्वस्त पडतें. गांठ उभारून, जंतूंस पोसून मिळविलेलें नत्र महाग पडतें. शेतांत युरिया पडला कीं झाड स्वस्त माल उचलतें, नवीन गांठी धरणें थांबवितें, आणि असलेल्या गांठींची साखर व प्राणवायु तोडतें. २०२४ सालीं डेन्मार्कमधील ऑरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, ह्या कामीं गांठींतील जस्ताचें प्रमाण संकेताप्रमाणें वापरलें जातें: मातींत नत्र वाढलें कीं गांठींतील जस्त घटतें, आणि त्यासरशी गांठ मोडून काढणारें एक प्रथिन जागें होतें. आळस म्हणून नव्हे, तर काटकसर म्हणून झाड आपलाच कारखाना बंद करितें.

येथें एक शंका निघेल. पेरणीबरोबर ह्या पिकांस थोडें नत्र द्यावें असें कृषि विद्यापीठेंच सांगतात, मग तें कां? त्याचें उत्तर असें कीं, गांठी नीट कामास लागण्यास तीन-चार आठवडे जातात. तोंपर्यंत कोंवळ्या रोपाची उपासमार होऊं नये म्हणून ती लहानशी शिदोरी आहे. ती सांगितली असेल तेवढीच द्यावी. खरें नुकसान होतें तें पुढें, पीक महिना-दीड महिन्याचें झालें असतां पिवळें दिसूं लागतें तेव्हां. शेजाऱ्यानें युरिया टाकला म्हणून आपणहि टाकावा, ही ओढ तेव्हां अनावर होते. त्या वेळीं खिशांत हात घालण्यापूर्वीं खुरपें हातांत घ्यावें. वरचीं कोंवळीं पानें पिवळीं व त्यांच्या शिरा हिरव्या असल्या, तर बहुधा तो लोहाचा अभाव असतो. चुनखडीच्या काळ्या जमिनींत सोयाबीनला असें वारंवार होतें, आणि युरियानें तें बरें होत नाहीं. खालचीं जुनीं पानें सबंध पिवळीं पडत असलीं तर मात्र नत्राची उणीव समजून मुळें पाहावीं. गांठी भरपूर व गुलाबी असल्या तर धीर धरावा. गांठीच नसल्या, किंवा सर्व पांढऱ्या असल्या, तर त्या हंगामापुरतें नत्राचें खत देणेंच प्राप्त आहे. तेथें गांठींची वाट पाहत बसण्यांत अर्थ नाहीं.

पावसाची गोष्ट ह्याहून कठीण आहे, कारण तो आपल्या हातीं नाहीं. पावसानें ओढ दिली म्हणजे सोयाबीनचें पान कोमेजण्यापूर्वींच गांठींचें काम मंदावतें. वरून शेत हिरवें दिसत असतें आणि खालीं नत्राची आवक घटलेली असते. गांठीचें आवरण अधिक घट्ट होऊन प्राणवायु आंत जाईनासा होतो, आणि गांठींत तयार झालेलें नत्र वाहून नेण्यास पाणी पुरत नाहीं, म्हणून तें सांचूं लागतें व पुढील काम थोपवितें. भुईमूग ह्या बाबतींत सोयाबीनपेक्षां अधिक टिकाव धरितो. ज्यांची जमीन हलकी व पावसाचा भरंवसा थोडा, त्यांनीं केवळ भावाकडे पाहून सोयाबीनच धरावें कीं तूर-मुगाचाहि विचार करावा, हें मुळांच्या ह्या स्वभावावरून ठरविणें शहाणपणाचें होईल. उलट पक्षीं, दोन दिवस शेतांत पाणी तुंबलें कीं मातींतील हवा निघून जाते आणि गांठी गुदमरतात. पावसाचें मान अलीकडे असें होत चाललें आहे कीं, एकाच हंगामांत लांबलचक उघडीप आणि एका दिवसांत धो धो पाऊस हीं दोन्ही येतात. रुंद वरंबा व सरी पाडून केलेली पेरणी दोहोंसहि उपयोगी पडते: जादा पाणी सरींतून निघून जातें, आणि उघडीपींत वरंब्याच्या पोटांत ओल राहते.

उन्हाचाहि विचार केला पाहिजे. वैशाखांत उघड्या काळ्या जमिनीचा वरचा थर इतका तापतो कीं त्यांतील पुष्कळ जंतु मरतात. कांहीं खोल राहून पुढल्या पावसापर्यंत टिकतात. सोयाबीन हें मूळचें चीन-जपानकडील पीक, आणि महाराष्ट्रांत तें मोठ्या प्रमाणावर पसरलें तें गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत. ज्या शेतांत तें पूर्वीं कधीं झालें नाहीं तेथें त्याचे जंतु मुळींच नसण्याचा संभव असतो. अशा शेतांत बियाण्यास जंतूंचें संवर्धक लावणें फार फायद्याचें ठरतें. जेथें दर वर्षीं तेंच पीक घेतलें जातें व गांठी भरपूर येतात, तेथें त्याचा फरक थोडा दिसेल.

संवर्धक लावतांना एक गोष्ट विसरूं नये कीं, पाकिटांत आहे तो जीव आहे. दुकानाच्या दारांत उन्हांत टांगलेलें पाकीट मेलेल्या जंतूंचें असूं शकतें. म्हणून सावलींत ठेविलेलें, मुदत न संपलेलें, आणि आपल्याच पिकाचें नांव असलेलें पाकीट घ्यावें. साधारणपणें २५० ग्रॅमचें पाकीट १० किलो बियाण्यास पुरतें. गुळाचें पाणी करून थंड झाल्यावर त्यांत तें कालवावें व बियाण्यास हलक्या हातानें चोळावें. सोयाबीन व भुईमूग ह्यांची साल नाजूक असते, ती निघूं देऊं नये. मग बियाणें सावलींत सुकवून लवकर पेरावें. बुरशीचें औषध लावावयाचें असेल तर तें आधीं लावून सुकूं द्यावें व संवर्धक शेवटीं लावावें. दोन्ही एकत्र कालविल्यास औषध जंतूंसच मारतें. जंतु आले तरी जमिनींत स्फुरद फारच कमी असेल तर गांठी पोसत नाहींत, हेंहि लक्षांत असूं द्यावें.

बदलत्या हवेंतील आणखी एक गोष्ट जेवणाच्या ताटापर्यंत येते. दगडी कोळसा व तेल जाळण्याचा सपाटा सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत सुमारें २८० भाग कर्बाम्लवायु होता. आतां तो ४२० हून अधिक झाला आहे. ह्या वायूपासूनच पानें साखर करितात. साखर वाढली म्हणजे गांठींस अधिक खाऊं घालतां येतें, अर्थात् पाणी व स्फुरद पुरेसें असेल तरच. २०१४ सालीं जपान, ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील उघड्या शेतांतील प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. ह्या शतकाच्या मध्यास हवेंत जितका कर्बाम्लवायु असेल तितका पुरविला असतां गहूं व तांदूळ ह्यांतील प्रथिन घटलें. वाटाणा व सोयाबीन ह्यांतील प्रथिन मात्र फारसें घटलें नाहीं, कारण त्यांच्या गांठी नत्र पुरवीत राहिल्या. लोह व जस्त हे क्षार चारींमध्येंहि कमी झाले. ज्या घरांत मांस-अंडें क्वचित् शिजतें, त्या घरांतील मुलांस वरण-उसळ पूर्वींपेक्षां अधिक लागेल, कमी नव्हे.

आतां बेवडीविषयीं थोडें स्पष्ट बोललें पाहिजे, कारण ह्याविषयीं भोळ्या कल्पना फार आहेत. शेंगांचें पीक घेतलें कीं जमीन आपोआप श्रीमंत होते, असें नाहीं. निरनिराळ्या देशांतील मोजणींवरून असें दिसतें कीं, सोयाबीन आपल्याला लागणाऱ्या नत्रापैकीं सरासरीनें ५० ते ६० टक्केच हवेंतून मिळवितें. बाकीचें जमिनींतूनच उचलतें. आणि त्याच्या दाण्यांत प्रथिन फार असल्यामुळें, दाणे बाजारांत गेले कीं नत्राचा मोठा भाग त्यांच्याबरोबर जातो. वर भुसाहि विकला तर जमिनीस कांहींच राहत नाहीं, उलट घटच येते. तुरीचें तसें नाहीं. ती पुष्कळ दिवस शेतांत उभी राहून आपला पाला खालीं टाकीत असते, आणि तो पाला व मुळें कुजून पुढील पिकास मिळतात. ताग किंवा धैंचा फुलोऱ्यावर येतांच गाडला तर सर्वच नत्र जमिनीस मिळतें. राजम्याचें झाड ह्याच वर्गांतलें असून गांठींच्या कामांत कच्चें आहे. त्याला नत्राचें खत द्यावेंच लागतें, आणि त्याच्याकडून बेवडीची आशा करूं नये.

मुळें पाहावयाचीं तीं फुलें दिसूं लागण्याच्या सुमारास पाहावीं. त्या वेळीं गांठींचें काम भरांत असतें. शेताच्या एकाच टोंकाचीं नव्हे, तर चार-पांच ठिकाणचीं रोपें खोदावीं, आणि मुख्य मुळावर माथ्याजवळ मोठ्या व गुलाबी गांठी आहेत कीं नाहींत हें पाहावें; माथ्याजवळच्या गांठी लवकर लागलेल्या असून त्यांचाच उपयोग अधिक. दाणा भरत आल्यावर पाहिल्यास बहुतेक गांठी हिरवट, मऊ किंवा पोकळ आढळतील. त्यावरून पिकांत दोष आहे असें समजूं नये. त्या वेळीं झाड आपली सर्व साखर शेंगांकडे वळवीत असतें, आणि फुटलेल्या गांठींतील जंतु पुन्हां मातींत जात असतात.